राबावरचे तंबू

राब म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्यानं मावळचा तांदूळ खाऊ नये, असं पहिलं वाक्य मी लिहिलं होतं. सुनेनं वाचलं आणि म्हणाली, "आत्याबाई, असं लिवू नगा, लोकं रागावत्याल."

रागावू देत की. मी तरी कुठं हसत बसलेय?

तर सांगते. भाजे गावाच्या वरच्या अंगाला आमचं घर आहे आणि घराच्या उजव्या हाताला, ओढ्याच्या वर, एक सपाट तुकडा. बाकीची भातखाचरं उतारावर पायऱ्यांसारखी खाली गेलेली; हा एकटाच वर, निचऱ्याचा, अंगणासारखा. भर उन्हाळ्यात त्यावर शेणाचा थर द्यायचा, त्यावर झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक माती. मग पेटवायचं. धडाडून नाही, मंद आचेवर कांदा परततो तसं. जमीन भाजून निघते, तणाचं बी मरतं, राख उरते. त्या राखेत भाताचं बी पडलं की रोप असं काळंभोर येतं की लावणीसाठी उपटताना जिवावर यावं. हा आमचा राब. वर्षाचा तांदूळ तिथून निघतो. खाली खाचरं कितीही असोत, वर राब नसला तर ती नुसती चिखलाची ताटं.

आता झालंय असं, की याच तुकड्यावर उभं राहिलं की एका बाजूला विसापूर दिसतो आणि दुसऱ्या बाजूला लोहगड. हे गड आमच्या म्हशीलाही दिसतात, ती काही मान वर करून बघत नाही. पण शहरातल्या माणसाला ते दिसले की त्याला तिथंच रात्र काढावीशी वाटते. दिसतं म्हणून यायचं आणि डोळे मिटून पडायचं, हे मला अजून उमगलेलं नाही. तरी लोक येतात. म्हणून तिथं तंबू आले. मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर आले ते गेल्या वर्षी पाऊस डोक्यावर येईपर्यंत हलले नाहीत, आणि राब भाजायचा राहिला.

लोकांनी आमच्याकडं येऊन राहावं याला माझा विरोध नाही बरं. उलट या मुक्कामाच्या धंद्यात माझ्याइतकं मुरलेलं माणूस आमच्या वस्तीत सापडायचं नाही. पडवीपासून तंबूपर्यंत सगळे मुक्काम मी बघितले, आणि त्यातल्या निम्म्यांच्या चादरी मी झटकल्या. म्हणून तर जास्त राग येतो.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मुक्कामाची जागा एकच होती, आमची पडवी. आमची म्हणजे ज्याची त्याची. ज्याच्या दारात पाव्हणा उभा राहील त्याची. मळवलीला गाडीतून उतरलेली पोरं पाठीवर बोजकी घेऊन चढत यायची, लेणी बघायची, गडावर जायची आणि उतरताना दिवस मावळला की दारात उभी. "मावशी, पडवीत पडू का?" सासू चुलीपासूनच म्हणायची, "पडा. भाकरी खानार का?" संपला करार.

सकाळी भाकरीचे पैसे ती घ्यायची, झोपायचे घ्यायची नाही. कुणी जास्तीचे पुढं केले की हात मागं. एकदा एका मास्तरांनी फारच आग्रह धरला. तेव्हा कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मास्तर, भाकरीला पीठ लागतं, चुलीला लाकूड लागतं. झोपंला काय लागतं? झोप तुमची, रात देवाची. मधल्यामधी पैसं घेनारं आमी कोन?" मास्तरांनी मुकाट्यानं टोपी घातली.

तिची अट एकच होती. उठल्यावर आपली गोधडी आपण घडी करायची आणि निजल्या जागेवर केरसुणी फिरवायची. घडीवरून ती माणूस ओळखायची. कोपऱ्याला कोपरा लावणारा, नुसतं बोचकं करणारा आणि बायकोला हाक मारणारा. तिसऱ्या जातीच्या माणसाला दुसऱ्यांदा आमच्या पडवीत जागा मिळत नसे. "घरात पाव्हणं हायती," म्हणून सांगायची, घरात मांजरसुद्धा नसताना.

आणि मी? मी म्हणजे तेव्हा नऊवारीत गुंडाळलेलं एक बावळट. शहरातली माणसं झोपतात तरी कशी, हे बघायची मला कोण हौस! उजाडायच्या आत पाणी भरायच्या निमित्तानं उठायची आणि दाराच्या फटीला डोळा लावायची. वाटायचं, शिकलेली माणसं, काहीतरी नीटनेटकी निजत असतील, पुस्तकं ठेवल्यासारखी ओळीनं. बघते तर तोंडं उघडी, पाय एकमेकांच्या पोटावर, आणि घोरणं आमच्या दिरासारखंच. इतकी निराशा मला नवरा पहिल्यांदा बघितला तेव्हाही झाली नव्हती.

पुढं घरधन्याला रेल्वेच्या लाइनवरचं काम लागलं आणि त्याच्या ओळखीनं मला लोणावळ्यात बाजारामागच्या एका लॉजवर चादरी बदलायचं. लॉज म्हणजे लांबलचक ओसरी, ओळीनं खोल्या, दारावर आकडे, आत दोन खाटा आणि एक तांब्या-पेला. पहिल्या दिवशी मला जे कळलं त्यानं मी हादरलेच. इथं माणसं निजायचे पैसे देत होती! नुसत्या निजण्याचे, भाकरी वेगळी. मी चार दिवस त्यावर डोकं चालवलं आणि माझ्या त्या हुशार डोक्यानं अर्थ लावला: ज्याला कुणी नाही तो लॉजवर येतो. नातं नाही, गोतं नाही, ओळखीचं एक दार नाही. नाहीतर कोण शहाणा अंथरुणाचे पैसे देईल?

झालं. तिथं येणारा प्रत्येक माणूस मला पोरका दिसायला लागला. चांगला ढेरपोट्या शेटजी, बरोबर चिक्कीची खोकी, पण त्याला बघून मी पदर डोळ्याला लावायची. एका किडकिडीत एकट्या माणसाला मी शेजारच्या खोल्यांतल्या तीन उशा आणून दिल्या, बिचाऱ्याला टेकायला तरी काहीतरी असू दे म्हणून. तो उशा बघून घाबरला. आणखी तीन माणसं त्याच खोलीत घालतात की काय, असं त्याला वाटलं असावं.

एकदा एक नवं जोडपं आलं. तिच्या हातात हिरवा चुडा, त्याच्या कपाळाला अजून अक्षतेचा डाग. माझ्या काळजाचं पाणी झालं. काल-परवा लग्न आणि आज यांना घेणारं कुणी नाही? मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि तिला म्हटलं, "ताई, हितं कशाला पैसं घालवताय? आमच्या घरी चला. पडवी हाय, सासू हाय, दोन दीर हायती, समदी रातभर गप्पा मारू. तुमाला एकटं न्हाई वाटायचं."

तिनं पदर तोंडात कोंबला. तो भिंतीवरच्या पालीकडं बघत राहिला. संध्याकाळी मॅनेजरनं मला बोलावलं. "चादरी बदलायला ठेवलीय तुला, का गिऱ्हाईक पळवायला?"

"न्हाई वो साहेब, मी म्हनलं पोरकी लेकरं हायती—"

"अगं बाई," तो कपाळाला हात लावून म्हणाला, "ती दोन दिवस पोरकी व्हायलाच आलीत!"

आजही चादर झटकताना ते वाक्य आठवलं की मी एकटीच खुदखुदते, आणि सून वळून बघते.

पण एक सांगू? त्या लॉजवरचे पैसे देऊन झोपणारेसुद्धा चार-चार, पाच-पाच दिवस राहायचे. ओसरीवर बसायचे, हवा खायचे, मला विचारायचे, "मावशी, पोराचा ताप उतरला का?" तिसऱ्या दिवशी त्यांना माझ्या पोराचा ताप ठाऊक असायचा. एका रात्रीच्या माणसाला तापायला सुद्धा सवड नसते.

लॉज पाडलं आणि तिथं दुकानं झाली, तेव्हा मी एका बंगल्यावर कामाला लागले. मालक मुंबईचे. मे महिना लागला की मोठ्या बाई ट्रंका, लोणच्याच्या बरण्या आणि सहा नातवंडं घेऊन यायच्या त्या महिनाभर. पाच खोल्यांचा बंगला, पण सहाही पोरं एकाच खोलीत गाद्या टाकून. बाकीच्या खोल्या धूळ खात. मी म्हणायचे, "बाई, उघडते की दोन खोल्या." त्या म्हणायच्या, "उघडशील आणि झाडशीलही तूच. असू दे." ती नातवंडं मोठी झाली, त्यांना पोरं झाली, मग ती आठ दिवसांसाठी यायला लागली. मग शनिवार-रविवार. प्रत्येकाला वेगळी खोली, वेगळं न्हाणीघर. मग बंगलाच विकला. त्या जागी आता तीन व्हिला आहेत आणि तीन पोहायचे तलाव.

माझ्या डोळ्यांदेखत मुक्काम आखडत गेला आणि जागा फुगत गेली. महिना होता तेव्हा एक खोली पुरायची. आता एका रात्रीला चार खोल्या, एक तलाव, वर गच्ची, आणि गच्चीवर कान फुटेस्तोवर गाणी. एप्रिलात आमच्या वस्तीतल्या बाया हंडे घेऊन विहिरीत उतरतात आणि त्याच रस्त्यानं तलाव भरायला टँकर जातो. टँकरच्या मागून सांडतं ना पाणी, तेवढं आमच्या गाढवांना चाटायला.

सून दोन वर्षं अशा एका व्हिलावर रविवारी दुपारी साफसफाईला जायची. घरी आल्यावर पहिली आंघोळ करायची, मग बोलायची. भिंतीला केक, गादीखाली कोंबडीची हाडं, तलावात चपला. पंचवीस माणसं एका रात्रीत. तिनं विचारलं, "आत्याबाई, ही घरी बी अशीच ऱ्हात्यात का वो?" नाही राहत. महिनाभर राहणाऱ्याला आपल्याच घाणीत राहावं लागतं, म्हणून तो घाण करत नाही. एका रात्रीच्याला काय? अकरा वाजता चावी देऊन तो मोकळा. घाण मागं राहते, आणि घाणीमागं आम्ही.

इतकं सगळं होऊन, माणसांची हौस फिरून आली कुठं? तर जमिनीवर. व्हिला नको, खाट नको, कापडाच्या खोपटात झोपायचं. आमच्या सासूच्या पडवीत जे फुकट मिळत होतं त्याचे आता पैसे मोजायचे, आणि वर छप्परही नाही! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा इतकी हसले की दात हातात आला. पुण्याकडचा एक माणूस मुलाला भेटायला आला, गोरागोमटा, दाढी राखलेला, पायात हजार खिशांची विजार. त्यानं राबाच्या तुकड्यावर गोल चक्कर मारली, दोन्ही हातांची चौकट करून गडाकडं बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, ही जागा वाया घालवताय तुम्ही."

वाया! माझ्या आजेसासूपासून ज्या जागेनं या घराला जेवू घातलं, ती वाया.

मुलाचा मी राग राग करते, पण त्याचंही खोटं नाही. कंपनीतलं त्याचं काम सुटलेलं. दिवाळी ते गुढीपाडवा तुकडा नुसताच पडून असतो, पाडव्याला तंबू उठतील, मग राब आपला, असं बोलणं झालं. मीही मान डोलावली. सून पिठलं-भाकरी करून देणार होती, घरात चार पैसे येणार होते. मी नाही म्हणाले नाही.

पाडवा आला आणि गेला. तंबू तिथंच. मे महिना सीझनचा म्हणून तंबू तिथंच. वळवाच्या सरी पडल्या तेव्हा कुठं उठले, आणि मग आम्ही खालची जमीन बघितली. पायाखाली फरशी. शेकोट्यांचे काळे डाग, बाटल्यांच्या काचा, आणि कुदळ मारली की ठण्णकन आवाज. कसंबसं उकरलं, बी टाकलं. तण आधी आलं, भात मागून. रोप पिवळं, करंगळीएवढं. उपटताना सुनेच्या बोटात काच घुसली. खालची दोनच खाचरं लागली, बाकीच्या खाचरांत बेडकं ओरडत होती.

आणि मग या होळीच्या सुमाराला घरातला तांदूळ संपला. मी लोणावळ्याच्या बाजारात दुकानापुढं पिशवी घेऊन उभी राहिले. मी! दुकानातला गडी मूठभर तांदूळ माझ्या नाकापुढं धरून म्हणतो, "मावशी, वास तर घ्या. अस्सल मावळचा हाय."

मी त्याच्या मनगटाला चावले नाही, हे माझ्या दातांचे उपकार.

सुनेचं त्याहून वाईट झालं. भावाच्या घरी कार्य होतं. दरवर्षी ती माहेरी आपल्या शेतातले तांदूळ घेऊन जाते. या वेळी दुकानातलेच पिशवी बदलून नेले. तिच्या आईनं पातेलं उघडलं, वास घेतला आणि झाकण पुन्हा ठेवलं. परत आल्यावर सून दोन दिवस माझ्याशी धड बोलेना. तिसऱ्या दिवशी डहाळ्यांचा भारा गोठ्यामागं आणून टाकत म्हणाली, "आत्याबाई, औंदा राब झाला पायजे."

तेव्हा मला माझी माणसं कोण ते कळलं.

याही वर्षी पाडव्याचंच बोलणं होतं. पाडवा झाला, गुढी उतरली, तंबू उभेच. शुक्रवारी तो पुण्याकडचा तंबूवाला आला तेव्हा मी बांधावरच गाठला.

"कवा उठनार तंबू?"

"आजी, मे पूर्ण बुक आहे. आता कसे उठवणार? राब पुढच्या वर्षी करा ना."

"मंग जेवायचं बी पुढल्या वर्साला का?"

तो हसला. त्याचे दात फार पांढरे आहेत. "तांदूळ काय, विकत मिळतो की आजी."

"व्हय. आन झोप न्हाई मिळत व्हय तुमच्या गावात? ती घ्याया हितं यावं लागतंय?"

मुलगा मध्ये पडला. "आये, मी शब्द दिलाय त्यास्नी."

"मला बी दिल्ता. माझा शब्द काय उष्टा हुता?"

त्यानं मान खाली घातली आणि मोटारसायकल पुसायला लागला. पुसलेलीच मोटारसायकल.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. मांडलेलं ताट आणि मांडलेला राब उचलत नाहीत. एकदा शेण-पाला-माती पडली की त्यावर चप्पल घालून कुणी पाय देत नाही, आणि पेटायच्या आत तो हलवला तर त्या घरची कणगी भरत नाही म्हणतात. खरं-खोटं देव जाणे. पण माझा मुलगा कितीही शब्द देणारा झाला तरी याच मातीतला आहे. त्याचा हात मांडलेल्या राबावर पडायचा नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणजे प्रश्न एवढाच उरला, की तंबू असताना मांडायचा कसा?

तर तंबूंना दर सोमवारी ऊन देतात. रविवारी दुपारी पाव्हणे गेले की सोमवारी सकाळी तंबूवाल्याचे दोन गडी तंबू उतरवतात, कापडं ओढ्यावर धुऊन कुंपणावर वाळत टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा उभे करतात. गडी म्हणजे वरच्या वाडीतलेच, पोटासाठी राबणारे. दुपारचं आमच्याकडं जेवतात. त्या सोमवारी सुनेनं त्यांना पुरणपोळी वाढली.

"वयनी, आज सण हाय का?" एकानं विचारलं.

"व्हय, हाय की," सून म्हणाली. "खा अजून येक. तूप घ्या."

पाच-पाच पोळ्या आणि वाटीभर तुपानंतर आंब्याखाली कोण जागा राहतो? ते दोघं आडवे झाले आणि आमची सावड सुरू झाली. सावड म्हणजे आज तू माझ्याकडं, उद्या मी तुझ्याकडं, पैशाचा संबंध नाही. वस्तीतल्या सहा बाया पाट्या घेऊन ओढ्याच्या अंगानं आल्या. शेण, डहाळ्या, पाला, गवत. कुणी हसत होतं, कुणी शिव्या देत होतं, मी बांधावर बसून "तिकडं पातळ झालंय, हिकडं टाका" करत होते. सत्तरी ओलांडलेल्या बाईला तेवढंच येतं, आणि ते मला फार चांगलं येतं. शेवटची माती पसरली तेव्हा गडी डोळे चोळत उठले.

त्यातला मोठा बघतच राहिला. मग पायातली चप्पल काढून हातात घेतली आणि म्हणाला, "मावशी, तुमी आमाला जेवायला घातलं का झोपवायला?"

"दोनी," मी म्हटलं. "झोपायचं पैसं न्हाईत."

तंबूवाल्याला फोन गेला. तो उडतच आला. गड्यांना म्हणाला, उचला हे सगळं. दोघंही जागचे हलले नाहीत. "दादा, मांडल्याला राब न्हाई उचलत." मग तो मुलाकडं वळला. मुलानं राबाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आईकडं बघावं तसं मुळीच नाही, आणि म्हणाला, "त्ये आता व्हायचं न्हाई. खाली खळ्यावं लावा तंबू."

तंबूवाला इंग्रजीत पुष्कळ बोलला. मला सगळं कळलं.

शनिवारी खळ्यावर दाटीवाटीनं तंबू लागले. पाव्हणे आले, गाणी झाली, कोंबडी भाजली. रविवारी तांबडं फुटताना मी, सून आणि मुलगा राबापाशी गेलो. हो, मुलगाही. कुणी बोलावलं नव्हतं. त्यानं बांधाच्या कडेचं वाळलं गवत काढलं, कडेनं पाणी मारलं, पाण्याचे हंडे ओळीनं ठेवले. वारा नव्हताच, जो होता तो खळ्याच्या उलट्या बाजूला. वारा जिकडं जातो त्या कडेनं पेटवायचा, म्हणजे आग मागं-मागं सरकत धुमसते, पळत नाही. सुनेनं काडी ओढली. पांढरा धूर उठला आणि सरळ वर गेला. इतकं बरं वाटलं मला, की क्षणभर राग विसरले.

क्षणभरच. कारण तंबूंच्या चेनी सरसर उघडल्या. तंबूवाला एक बूट घालून, एक हातात घेऊन धावत आला. "आजी! लोक झोपलेत! रिव्ह्यू खराब होतील माझे!"

मी तयारच होते. पाव्हणे आरडाओरडा करतील, निघून जातील, पुन्हा येणार नाहीत. मला तेच हवं होतं. पदर खोचून मी भांडायला उभी राहिले. आणि ती सगळी पोरं-पोरी डोळे चोळत आली, बांधावर ओळीनं उभी राहिली आणि म्हणाली, "वॉव."

वॉव! फोन निघाले. कुणी धुराचा फोटो, कुणी माझा. एक पोरगी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि फोनशी बोलायला लागली, की बघा, इथले लोक अजून कसे निसर्गाशी जोडलेले आहेत. तंबूवाल्यानं ते ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावर उजाडताना मी बघितलं. हातातला बूट पायात घालून तो माझ्यापाशी आला आणि इतक्या मऊ आवाजात बोलला की म्हशीनंही दूध चोरलं नसतं.

"आजी, पुढच्या शनिवारी पुन्हा करता येईल का हे? पॅकेजमध्ये टाकू. राबाचा अनुभव. तुम्ही फक्त काडी लावायची."

"राब येकदाच पेटतो."

"मग त्या कोपऱ्यात छोटा करू. खोटा खोटा."

माझ्या हातात काठी होती. सुनेनं ती अलगद काढून घेतली. तिला माझा स्वभाव माहीत आहे. पण बोलला मुलगा. मोठ्यानं नाही. "दादा, राबाला कुनी हात लावायचा न्हाई आता. पेरनी हुस्तवर हितं तंबू न्हाई, शेकोटी न्हाई, पायताण न्हाई. खळ्यावं जेवढं मावत्याल तेवढंच आना."

"अरे, पण खळ्यावरून व्ह्यू कुठाय?"

"न्हाई तर न्हाई."

एवढं बोलला तो. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि दोन फटकेही मारावेसे वाटले, गेल्या वर्षी हे बोलला असतास तर म्हणून. दोन्ही केलं नाही. पुढच्या दिवाळीला तंबूवाला पुन्हा येणार, हे मला ठाऊक आहे. आता म्हणे त्याला घुमटासारख्या काचेच्या खोल्या करायच्यात, खाली सिमेंटचा ओटा घालून. ओट्यावर भात उगवत नाही. म्हणजे पुढच्या वर्षीचं भांडण ठरलेलं आहे, आणि मी ते करायला असेन, देव कितीही घाई करो.

ऊन वर आलं तसा धूर कमी झाला. सगळा तुकडा खालून काळा आणि वरून राखाडी झाला. पाव्हणे नाष्ट्याला गेले. ती फोनवाली पोरगी तेवढी मागं राहिली. चांगली होती दिसायला, केस मात्र विंचरलेले नाहीत.

"आजी, ही जागा आता अशीच राहणार?"

"व्हय. पाऊस पडंस्तवर राख. मंग रोप."

"ओह. मग आम्ही परत आलो की कुठं झोपायचं? खाली फार गर्दी होते."

"घरी झोप की बाळ. घरी खाट न्हाई व्हय तुला?"

ती इतकी गोड हसली, आणि म्हणाली, "आजी, हे परत एकदा बोलाल? रेकॉर्ड करते."

मी नाही बोलले. राबाच्या वरच्या कोपऱ्यात एक ढेकूळ अजून धुमसत होतं. हंडा उचलवेना, म्हणून मी तांब्या भरून घेतला आणि तिकडं गेले.